गाडी पुढचा टायर उजवीकडून खातेय, साठच्या खाली येताना हँडल थरथरतं – आधी काय बघू?

भुईकोट
गाडी १५० सीसी, अलॉय, पुढे डिस्क. पुढचा टायर ८०/१००-१७ ट्यूबलेस, १६ हजार किलोमीटर चाललेला. रोजचा रस्ता सोलापूर-अक्कलकोट, बाकी शहरात.

लक्षणं अशी: उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट जास्त झिजलीय. उजव्या कडेला हात फिरवला की खड्डे-उंचवटे लागतात. पन्नासच्या पुढे घूंऽऽ असा आवाज येतो. अॅक्सिलेटर सोडून गाडी साठवरून पन्नासवर येताना हँडल दोन्ही बाजूंना भराभर हलतं, घट्ट धरलं की थांबतं. उजव्या वळणात गाडी आधी अडते, मग एकदम पडल्यासारखी आत जाते. डावीकडे असं काही नाही.

टायर बदलून टाकू, की आधी दुसरं काही तपासायचं? आणि टायर घ्यायचाच झाला तर काय बघून घेऊ?

सात_रस्ता
मालक, सरळ टायर बदला. लाटा पडलेला टायर परत नीट होत नाही. पावसाळ्यात त्या टायरवर पुढचा ब्रेक दाबणं धोक्याचं आहे.

ज्वारीचं_रान
टायर बदलावा लागेल हे खरं, पण आधी नको. लाटा पडल्या म्हणजे चाक रस्त्यावर एकसारखं टेकत नाहीये. कारण तसंच ठेवलं तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल. मी या क्रमाने बघेन:

१) हवा. सकाळी, गाडी चालवायच्या आधी. कंपनीचा आकडा चेन कव्हरवर किंवा पुस्तकात असतो. या मापाच्या गाड्यांना पुढे बहुधा २५ पीएसआय असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पंपावर हवा बघून उपयोग नाही. २५ च्या टायरमधली हवा १० अंशांनी तापली की दाब जवळपास सव्वा पीएसआय वाढतो, आणि डांबरावरून पळालेला टायर त्याहून कितीतरी जास्त तापतो. पंपावर २५ दिसले म्हणजे सकाळी २१-२२ असू शकतात. कमी हवेत टायरच्या कडा जास्त वाकतात, झीज तिथूनच सुरू होते.

२) कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी डबल स्टँडवर, मागच्या सीटवर एकाला बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल. दोन्ही शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा. दुसऱ्याने खालची टी (दोन्ही शॉकअप धरणारी आडवी पट्टी) आणि फ्रेम यांच्या सांध्यावर बोट ठेवावं. तिथे टक् जाणवलं तर कोनसेट ढिला. मग हँडल मध्यातून हळूच एका बाजूला सोडा. ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत पडलं पाहिजे, दोन्हीकडे सारखं. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकत असेल तर कोनसेटच्या वाट्यांत छऱ्यांचे वळ पडलेत. तिथे नट आवळून काही होत नाही.

३) चाकाचे बेअरिंग. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा. खेळ नको.

४) शॉकअप. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन जागेवर थांबलं तर ठीक, दोन-तीनदा डोललं तर तेल मेलंय किंवा कमी झालंय. ऑइल सीलखाली तेलकट धुळीचं कडं दिसतंय का तेही बघा.

५) रिम. शॉकअपला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा आणि चाक फिरवा. वर-खाली किंवा आडवं २ मिमीपेक्षा जास्त हललं तर रिम गेली.

साठ ते पन्नासच्या मध्येच का थरथरतं तेही सांगतो. या टायरचा घेर साधारण १.८६ मीटर. ताशी ६० ला चाक सेकंदाला नऊच्या आसपास फिरतं, ५० ला साडेसात. हँडलची स्वतःची हेलकावायची गतीही बहुतेक गाड्यांत याच्याच आसपास असते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरचा उंचवटा एक टोला देतो, आणि त्या वेगाला टोले हेलकाव्याच्या तालात पडतात. कोनसेट घट्ट असेल तर ते दबतं, ढिला असेल तर वाढत जातं. म्हणून तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय कोनसेटवर.

एक विनंती: हात सोडून तपासू नका. थरथर सुरू झाली तर टाकी गुडघ्यांत धरा, वेग हळूहळू उतरू द्या, पुढचा ब्रेक कचकन दाबू नका.

टायरपारखी
वरचं सगळं बरोबर. फक्त "उजवी बाजू" आणि "लाटा" या दोन तक्रारी वेगळ्या करून बघा.

उजवी बाजू थोडी जास्त झिजणं आपल्याकडे सरसकट दिसतं. लोक रस्त्याच्या उताराला दोष देतात, पण तो हिशेब छोटा आहे. शंभराला अडीचचा उतार धरला तर या रुंदीच्या टायरवर टेकण्याची जागा उजवीकडे जेमतेम १ मिमी सरकते. मोठं कारण वळणं. आपण डावीकडून चालतो, म्हणून चौकात डावं वळण आखूड आणि हळू, उजवं लांब आणि वेगात. यू-टर्नही उजवीकडेच. उजव्या कुशीवर टायर जास्त अंतर चालतो, इतकंच. डाव्या-उजव्या खोलीत १ मिमीपर्यंत फरक असेल तर मी गाडीला दोष देणार नाही. त्याच्या पुढे गेला तर शॉकअपची पिळ (दोन्ही पाय एका रेषेत नसणं), वाकडा एक्सल किंवा रोज एकाच बाजूला लावलेलं ओझं, यातलं काहीतरी आहे. दुधाचा कॅन एकाच बाजूला लावणाऱ्या गाड्यांवर हे लगेच ओळखू येतं.

लाटांचं मूळ ब्रेकमध्ये आहे. ब्रेक दाबला की टायरचा ठोकळा मागे वाकतो आणि जमीन सोडताना झटक्याने सरळ होतो. त्या घसटीत त्याची एक कड जास्त झिजते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं लागतं. एवढं प्रत्येक पुढच्या टायरवर थोडंफार असतंच. त्यात हवा कमी, शॉकअप मेलेला, कोनसेट ढिला असं जमलं की चाक बारीक उड्या मारतं आणि ठराविक अंतराने खड्डे खोल होत जातात. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे उठतात, त्यात ही उडी आणखी वाढते.

उजव्या वळणातला तुमचा अनुभव त्या चपट्या झालेल्या कुशीचा. मधली गोलाई संपून एकदम सपाट भाग येतो. त्या कडेवर गाडी अडते, ओलांडली की पडते.

मोजायचं असं: चाकावर खडूने चार खुणा करा, प्रत्येक खुणेपाशी डावी, मध्य, उजवी अशी खोली घ्या. बारा आकडे इथे टाका. खाचेतला टीडब्ल्यूआयचा (झिजेची मर्यादा दाखवणारा) उंचवटा साधारण ०.८ मिमीचा असतो, त्याच्या पातळीला टायर कुठेही आला असेल तर पुढची चर्चा नको, बदलाच.

भुईकोट
सगळं बघितलं. सकाळी हवा २१. खोली डावीकडे चारही ठिकाणी ३ च्या आसपास, मध्ये २.२, उजवीकडे १.१ ते २. उजवीकडे खुणेगणिक आकडा बदलतो. कोनसेटला टक् आहे आणि हँडल मध्यावर खाचेत बसतं. शॉकअप दोनदा डोलतो, गळती नाही. रिम आणि बेअरिंग ठीक. शिवाय हँडल सरळ धरलं तर चाक किंचित डावीकडे बघतंय असं वाटतं. गाडी पूर्वी एकदा पडलेली आहे.

टायर काढून उलटा बसवला तर डावी बाजू झिजेल आणि समतोल होईल, असं पंक्चरवाला म्हणतोय. करू का?

टायरपारखी
अजिबात नको. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे ना? पुढच्या टायरची नक्षी आणि आतले थर ब्रेकच्या ओढीला तोंड देईल अशा दिशेने लावलेले असतात. उलटा लावला तर ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकणंही बिघडतं. आणि १.१ मिमीवर आलेल्या टायरवर कसरत कशाला? उजवी-डावी फरकही १ मिमीच्या पुढे आहे, म्हणजे पिळीकडे बघायलाच हवं.

बार्शी_नाका
हँडल सरळ आणि चाक वाकडं, ही पिळच. पडलेल्या गाडीत शॉकअप टीमध्ये फिरलेले असतात. बहुतेक वेळा काही वाकलेलं नसतं. खालच्या टीचे बोल्ट, मडगार्डचे बोल्ट, एक्सलचा नट आणि एक्सल आवळून धरणारा पिंच बोल्ट असेल तर तोही ढिला करा. चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ आणा. मग एक्सलचा नट आवळा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाचदा दाबा म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. त्यानंतर पिंच बोल्ट, खालची टी, शेवटी मडगार्ड. मडगार्ड आधी आवळलं तर तेच पिळ धरून ठेवतं, गॅरेजात ही चूक नेहमी होते.

एवढं करूनही सरळ येत नसेल तर एक्सल काढून काचेवर लोळवा. वाकडा असेल तर डोळ्याला दिसतो. ०.२ मिमीच्या पुढे वाक असेल तर ठोकून सरळ करू नका, नवा टाका.

मागचं चाकही बघा. चेन अॅडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या हव्यात. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी सुताचा दोरा ताणून पुढे आणा. पुढचं चाक अरुंद असतं, त्यामुळे दोन्हीकडे फट राहील. ती सारखी असली पाहिजे.

भुईकोट
ताई, हे रविवारी करतो. कोनसेट नुसता आवळून चालेल का? गॅरेजवाला म्हणतो अर्धा फेरा दिला की टक् जाईल.

ज्वारीचं_रान
टक् जाईल, खाच राहील. वर जास्त आवळलेल्या कोनसेटने गाडी सरळ रस्त्यावर साप चालल्यासारखी डुलते, ते आणखी वाईट. पूर्ण सेट घ्या: वरची-खालची वाटी, दोन्ही कोन, छर्रे. जुन्या वाट्यांत नवे छर्रे टाकू देऊ नका. वाट्या ठोकताना तिरक्या जात नाहीत ना, तिथे उभं राहून बघा. एपी-३ ग्रीस सढळ हाताने भरा. हुक पान्याने नट खेळ जाईपर्यंत आवळा, मग फेऱ्याच्या आठव्या भागाइतका मागे घ्या. वरचा टीचा नट आवळल्यावर परत तपासा, कारण तो आवळताना खालचा दाबला जातो. हँडल आपोआप दोन्हीकडे पडलं की झालं.

शॉकअप सुटलेलेच असतील, तर तेल आणि सील त्याच खेपेला. तेलाचा ग्रेड आणि मिलिलिटर पुस्तकातले, मापाच्या नळीने मोजून, दोन्ही पायांत तंतोतंत सारखे. अंदाजाने बाटलीतून ओतलेलं तेल एका पायात जास्त झालं की पुन्हा तेच दुखणं.

सात_रस्ता
टायर कोणता घ्यावा? एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, तिघांचेही या मापाचे मिळतात.

टायरपारखी
तिघांपैकी कुठलाही चालेल. मी ब्रँडपेक्षा या गोष्टींवर अडून बसेन. माप कंपनीचंच. जाड टायर दिसायला भरीव, पण गाडी वळायला जड होते. पुढच्या चाकासाठीचीच नक्षी. बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांपेक्षा जुना माल स्वस्तात दिला तरी परत करा, इथल्या उन्हात पत्र्याखाली पडलेलं रबर कडक होतं.

बसवताना कडांना साबणाचं पाणी, हवा ४० पीएसआयच्या वर नेऊ नये. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून परत बसवायला लावा. टायरवरचा रंगीत ठिपका व्हॉल्वपाशी. मग चाक एक्सलवर मोकळं फिरवा. दरवेळी एकच जागा खाली येऊन थांबत असेल तर समोरच्या बाजूला ५ ग्रॅमची वजनं चिकटवत जा. पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि तिरक्या वळणांपासून लांब राहा, नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाऊ द्या.

ज्वारीचं_रान
आणि नव्या कोनसेटच्या वाट्या सुरुवातीला बसतात, त्यामुळे ५०० ते १००० किलोमीटरच्या आत पुन्हा थोडा खेळ येतो. तेव्हा परत डबल स्टँडवर घेऊन शॉकअप हलवून बघा आणि लागला तर तेवढाच आवळा. गॅरेजवाल्याला गाडी देतानाच सांगून ठेवा की ही दुसरी खेप कामातच धरलेली आहे.