ओपन सोर्समधली पहिली इंटर्नशिप : सातारा-सांगलीकरांचा अनुभव धागा

सातारा-सांगलीच्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुलं दरवर्षी विचारतात, ‘अर्ज कधी भरायचा?’ अर्ज ही शेवटची पायरी आहे. त्याआधी, ज्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पासाठी अर्ज करणार, त्यात तुमच्या हातचा एखादा बदल गेलेला असला पाहिजे. म्हणून ज्यांनी हे काम केलंय किंवा मेंटॉर (प्रकल्पातला मार्गदर्शक) म्हणून पाहिलंय, त्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको. काय केलं की जमतं, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच लिहा. खाली प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं गाव दिलंय.

सुरुवातीला तारखा. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स प्रकल्पांत काम करण्याचा गूगलचा उपक्रम २००५पासून चालू आहे. २०२२पासून विद्यार्थी असण्याची अट गेली, वय मात्र १८ पूर्ण हवं. भाग घेणाऱ्या संस्थांची यादी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये. काम साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचं. आउटरीची ही ओपन सोर्समधलीच दुसरी इंटर्नशिप वर्षातून दोनदा असते: ३ महिने, आठवड्याला ३० तास. तिथे निवडीआधी प्रकल्पात योगदान देऊन ते त्यांच्या साइटवर नोंदवावंच लागतं, आणि कॉलेजच्या सत्राच्या तारखाही द्याव्या लागतात.

विश्रामबाग, सांगली

पहिला आठवडा फक्त बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करायला द्या. कोडला हात लावण्याआधी प्रकल्प आपल्या मशीनवर उभा राहिला पाहिजे आणि त्याच्या टेस्ट चालल्या पाहिजेत. आधीपासूनच नापास होणाऱ्या टेस्ट लिहून ठेवा, नाहीतर नंतर आपल्याच बदलाला दोष देत बसाल.

मोठी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोड नि त्याचा सगळा इतिहास) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पूर्ण क्लोन करू नका, म्हणजे उतरवू नका. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन; त्याचं ‘गिट क्लोन’ मध्येच तुटलं तर पुढून सुरू होत नाही, पुन्हा शून्यापासून. ‘--डेप्थ १’ देऊन फक्त ताजी अवस्था उतरवा, इतिहास नंतर ‘गिट फेच --अनशॅलो’ने आणता येतो. सी प्लस प्लसचा प्रकल्प आणि ८ जीबी रॅम असेल तर ‘मेक -जे२’वर (एकावेळी दोनच कामं) थांबा. जे८ दिलं की लिंक करताना मेमरी संपते, कंपायलर मारला जातो आणि एरर असा येतो की दोष कोडमध्ये आहे असं वाटावं. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणारं साधन) बसवा, दुसऱ्या बिल्डपासून फरक दिसतो. फायरफॉक्ससारख्या प्रकल्पात आर्टिफॅक्ट बिल्डची सोय आहे: तयार बायनरी उतरतात, त्यामुळे फ्रंटएंडच्या कामासाठी सी प्लस प्लस कंपाइल करायची गरजच नाही.

कऱ्हाड

गिटमध्ये नवशिक्याचं घोडं बहुतेक वेळा तीनच ठिकाणी अडतं.

मुख्य ब्रँचवरच (कोडच्या मूळ शाखेवरच) काम करणं. फोर्क (आपल्या खात्यावर प्रकल्पाची प्रत) केल्यावर मूळ रिपॉझिटरी ‘अपस्ट्रीम’ नावाने जोडा आणि प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच काढा.

एडिटरमधलं ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ चालू राहणं. बदल दोन ओळींचा आणि डिफ (बदललेल्या ओळींची यादी) सहाशे ओळींचा. असा पॅच (पाठवलेला बदल) कुणी वाचत नाही. विंडोजवर ओळींच्या शेवटांचा तसाच घोळ होतो. पाठवण्याआधी ‘गिट डिफ’ स्वतः ओळ न् ओळ वाचायचा.

तिसरं, साइन-ऑफ. काही प्रकल्पांना प्रत्येक कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) तुमचं नाव नि ईमेल असलेली ओळ लागते, ती ‘गिट कमिट -एस’ने येते. राहिली असेल तर शेवटच्या दोन कमिटसाठी ‘गिट रिबेस --साइनऑफ हेड~२’, मग ‘--फोर्स-विथ-लीज’ने पुश (फोर्कवर चढवणं). त्यासाठी नवी पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशी विनंती) उघडू नका. जुनीवरची सगळी चर्चा तुटते.

शाहूपुरी, सातारा

‘गुड फर्स्ट इशू’ (नवशिक्यांसाठी सोपं काम) लेबलवर मार्चमध्ये झुंबड असते. एकेका इशूखाली दहा-दहा जणांचं ‘मला द्या’. मराठी मुलांनी त्या रांगेत थांबू नये. आपल्या हाताशी एक खाण आहे: देवनागरी.

वरचंच गाव घ्या. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारं चिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण सर्चमध्ये एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करण्याच्या नियमाने) एक होतात. तिसरा होत नाही, त्याला वेगळा नियम लिहावा लागतो. हे युरोपातल्या मेंटॉरला सुचणं अवघड. तुम्ही एका इशूत तिन्ही रूपं आणि त्यांचे कोडपॉइंट (युनिकोड क्रमांक) मांडलेत तर तो तुमचं पुढचंही वाचेल.

दुसरी जागा म्हणजे अक्षरांची लांबी. ‘क्षत्रिय’ आपल्याला तीन अक्षरं. कोडपॉइंट ८, यूटीएफ-८मध्ये (मजकूर साठवायच्या एका पद्धतीत) २४ बाइट. जिथे शब्द कापून पुढे तीन टिंबं देतात, तिथे जोडाक्षर मध्येच तुटतं. उपाय ग्राफीम क्लस्टरने (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणाऱ्या गटाने) मोजण्याचा. तिसरी जागा आकडे. मराठी लोकेलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) रक्कम १,२३,४५६ अशी छापली जाते. पायथनचं ‘इंट’ देवनागरी ‘१२’ बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘नॅन’ (आकडा नाही) देतं, आणि फॉर्म मुकाट्याने फसतो.

यातला कुठलाही बग नोंदवताना छोटी टेस्ट जोडाच: बदलाआधी नापास, बदलानंतर पास. मग वादाला जागाच उरत नाही.

मिरज

प्रश्न विचारताना चार गोष्टी द्या: चालवलेली कमांड, पूर्ण एरर मजकूर म्हणून (फोटो नको), ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आणि आतापर्यंत काय करून पाहिलं. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, तिथे सगळे नावानेच हाक मारतात. खासगी मेसेजही नको. सार्वजनिक चॅनलवर विचारलं तर मेंटॉर झोपलेला असताना दुसरं कुणी उत्तर देतं. उत्तर नाही आलं तर आठवडाभर थांबून एकदाच आठवण करा.

रिव्ह्यूमधल्या (तुमच्या बदलाच्या तपासणीतल्या) प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या: केलं, किंवा का केलं नाही. एआयने लिहिलेली ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नसेल तर ती पाठवू नका. पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मग खऱ्या कामावरचाही विश्वास जातो.

पाटण

उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे आपल्याकडचा पावसाळा. जून ते ऑगस्ट कोयनेच्या बाजूला वीज आणि टॉवर दोन्ही जातात. सांगलीकरांना कृष्णेचं पाणी नवीन नाही, २०१९चा ऑगस्ट आठवा. त्यामुळे अर्धवट कामसुद्धा रोज संध्याकाळी आपल्या फोर्कवर पुश करा. प्रकल्पाची कागदपत्रं ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि पहिल्याच आठवड्यात मेंटॉरला सांगून ठेवा की दोन-तीन दिवस संपर्क तुटू शकतो. आधी सांगितलेली गैरहजेरी चालते, न सांगता गायब झालात तर मूल्यमापनात थेट नापास होऊ शकता.

कुपवाड

अर्जाच्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपण साडेपाच तास पुढे. १८:०० यूटीसी म्हणजे रात्री ११:३०. समर ऑफ कोडला एका व्यक्तीचे जास्तीत जास्त तीन प्रस्ताव चालतात. एक किंवा दोनच नीट लिहा. आठवड्यागणिक कामात टेस्ट नि कागदपत्रांचा वेळ धरा आणि विद्यापीठाच्या परीक्षेचे दिवस स्पष्ट दाखवा. प्रस्तावाची पीडीएफ दोन दिवस आधी चढवा, मुदतीपर्यंत ती बदलता येते.