मूल घरी आल्यावर मदत कोणाची? आपोआप मिळावी की मागितल्यावर?

सायली३

दत्तक किंवा फॉस्टर पालकत्वाची (म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळापुरतं आपल्या घरी सांभाळण्याची) चर्चा निघाली की ती मूल घरी येईपर्यंतच चालते. प्रतीक्षायादी, कागदपत्रं, गृहचौकशी, आदेश. मूल घरात आलं की सगळे अभिनंदन करतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. खरी गरज तर तिथून पुढे सुरू होते. म्हणून हा धागा.

माझं मत असं की मूल आल्यानंतरची मदत प्रत्येक घराला आपोआप मिळाली पाहिजे, ती मागायची वेळ येऊ नये. आणि मदत करणारी माणसं तपासणी करणाऱ्यांपेक्षा वेगळी हवीत.

'मागितली तर मिळेल' ही सोय कागदावर छान दिसते. पण ज्यांनी 'आम्ही उत्तम पालक होऊ' हे महिनोन्‌महिने पटवून दिलेलं असतं, त्यांनी त्याच टेबलापाशी परत जाऊन 'जमत नाहीये' म्हणायचं कसं? फॉस्टर पालकांना तर मूल परत नेतील ही धास्तीही असते. मग माणसं गप्प बसतात. दत्तकानंतर येणारं नैराश्य आईलाही येतं, बाबालाही येतं, पण 'एवढी हौसेने आणलंत ना?' हे ऐकायला लागू नये म्हणून कुणी बोलत नाही.

पाठबळाने काय फरक पडतो, याचं एक भक्कम उदाहरण रोमानियात आहे. बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांवर २००० साली एक अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी मुलं फॉस्टर घरांसाठी निवडली गेली, उरलेल्यांची व्यवस्था होती तशीच राहिली. घरात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसाशी जुळणारं नातं, सगळ्यांत सुधारणा दिसली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांमध्ये जास्तच. हा निष्कर्ष सगळेच सांगतात. पण त्या फॉस्टर पालकांना मानधन होतं, सोशल वर्कर सतत संपर्कात होते आणि त्या सोशल वर्करांनाही तज्ज्ञांचा सल्ला मिळत होता, हे मात्र कुणी सांगत नाही. 'घर मिळालं की मूल सुधारतं' एवढाच अर्थ त्यातून काढणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं.

विरोधी मतं अवश्य मांडा.

जुना वाचक

असहमत, आणि जोरदार असहमत.

दत्तकाचा गाभाच हा की आदेश झाला की ते मूल पूर्णपणे त्या घराचं. पोटच्या मुलाच्या घरी दर काही महिन्यांनी कुणी वही घेऊन येतं का? मग यांच्याच घरी का? तुम्ही त्याला मदत म्हणा, मुलाला आणि शेजाऱ्यांना त्यातून एकच गोष्ट कळते: हे घर इतरांसारखं नाही.

रोमानियाचंच बोलायचं तर दुसराही अभ्यास आहे. तिथून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. अनाथालयात सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहिलेली मुलं पुढे इतर दत्तक मुलांसारखीच निघाली. जास्त काळ राहिलेल्यांत अडचणी बऱ्याच होत्या, तरी त्यातल्याही साधारण पाचव्या हिश्श्याला मानसिक आरोग्याची तक्रार कधीच आली नाही. मग सगळ्यांना एकच काढा का पाजायचा? ज्याला गरज आहे त्याला भरपूर द्या, बाकीच्यांना सुखाने राहू द्या.

काटेसावर

या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहिते.

जुना वाचक, गरज कुणाला हे आधी कळलं असतं तर प्रश्नच नव्हता. अडचण उशिरा डोकं वर काढते. तान्हेपणी आलेलं मूल पाच वर्षांचं असताना 'मी दत्तक आहे' हे आनंदाने सगळ्यांना सांगतं. सहा-सात-आठच्या सुमारास विचार वाढतो आणि त्याला दुसरी बाजू कळते, की यांनी मला घेतलं म्हणजे आधी कुणीतरी मला सोडलं. आई-बाबा म्हणतात, आजवर किती छान चाललं होतं, आता अचानक काय झालं? खरं तर काही बिघडलेलं नसतं, मूल दुःख करायला शिकलेलं असतं. पुढे तेरा-चौदाला हाच प्रश्न पुन्हा येतो, यावेळी दार आपटून.

आता वेळापत्रक बघा. आपल्याकडची २०२२ची दत्तक नियमावली दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं पाठपुरावा सांगते. जुळवून घेताना अडचण आली तर समुपदेशनाची तरतूदही त्यात आहे. पण बाळ सहा महिन्यांचं असताना घरी आलं, तर ही दोन वर्षं त्याच्या अडीचाव्या वर्षी संपली. सगळ्यात शांत काळात आम्ही हजर, आणि वादळ आलं तेव्हा फाईल कपाटात.

सायलीताईंच्या दुसऱ्या मुद्द्याला मात्र पूर्ण अनुमोदन. मी घरात शिरले की बैठकीची खोली आवरलेली असायची, मूल न्हाऊन-माखून तयार आणि 'सगळं छान आहे' हे उत्तरही तयार. अहवाल लिहिणाऱ्या बाईला कोण खरं सांगणार?

सिएटलमध्ये २००४ साली सुरू झालेली मॉकिंगबर्ड पद्धत मला म्हणूनच आवडते. एक अनुभवी फॉस्टर घर केंद्रस्थानी, त्याला जोडलेली सहा ते दहा घरं. रात्री मूल आवरेना झालं तर ऑफिसला नाही, त्या घरी फोन करायचा. शनिवार-रविवार विसावा हवा असेल तर मूल तिथेच राहायला जातं, ओळखीच्या माणसांकडे. ही मदत शेजारपाजाऱ्यांसारखी वाटते, म्हणून लोक ती घेतात.

उंबरठा

फॉस्टर पालक आहे. दत्तक आणि फॉस्टर एकाच दोरीत बांधू नका ही पहिली विनंती. दत्तक पालकाला 'आता हे आपलंच' अशी निश्चिंती असते. आम्हाला मूल जायच्या तारखेची वाट बघत त्याच्यावर जीव लावायचा असतो.

आम्हाला कशाची मदत लागते ते कुणी नीट विचारतच नाही. प्रशिक्षण? ते हवंच, पण मूल येण्याआधीच्या शिबिरात ऐकलेलं काही आठवत नाही. मूल पोळी उशीखाली लपवतं, कपाट बंद केलं की किंचाळतं, तेव्हा कुणीतरी सांगावं लागतं की हे चोरटेपण नाही, हा भुकेचा जुना हिशोब आहे, कुलूप लावू नका, डबा त्याच्या हाताशी ठेवा. एवढं एक वाक्य योग्य रात्री मिळालं असतं तर आमचे कितीतरी दिवस सुखाचे गेले असते.

दुसरं, विसावा. दोन दिवस झोप मिळाली तर मी तिसऱ्या दिवशी माणूस असतो. यात प्रेम कमी असण्याचा काय संबंध?

आणि तिसरं, ज्याबद्दल अवाक्षर नाही. मूल परत गेलं की मदतीचं दार त्याच दिवशी बंद. आमच्याकडचं पहिलं मूल त्याच्या आईकडे गेलं. चांगलंच झालं, तेच व्हायला हवं होतं. पण घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं, आणि ज्या कार्यालयातून आठवड्याला फोन यायचा तिथून पुढचा फोन आला तो थेट 'पुढच्या मुलासाठी तयार आहात का' विचारायला.

तळटीप

पैशांचा विषय कुणी काढला नाही म्हणून काढतो. भत्ता दिला की भत्त्यासाठी मुलं ठेवणारेही येतात. हे कटू आहे पण जगभर घडलेलं आहे. पालकत्वाला पगार नसावा.

उंबरठा

तळटीप, मग दातांचं, चष्म्याचं, स्पीच थेरपीचं बिल कुणी भरायचं? चांगुलपणाने? भत्त्यात 'कमाई' होते असं वाटणाऱ्याने एकदा मूल ठेवून बघावं. अमेरिकेत १९८०च्या कायद्याने विशेष गरजा असलेल्या मुलांच्या दत्तकानंतरही आर्थिक साहाय्य चालू ठेवलं, कारण नुसती इच्छा असून भागत नाही. वर्षानुवर्षं फॉस्टर म्हणून सांभाळणाऱ्याला 'दत्तक घेतलंत तर मदत बंद' म्हटलं तर तो कायदेशीर आई-बाप व्हायलाच कचरेल. गैरवापर करणारे शोधा, पण त्यांच्यासाठी सगळ्यांचं पाणी तोडू नका.

मीच तो

एवढे प्रतिसाद वाचले. पालक थकतात, पालक रडतात, पालकांना विसावा हवा. ठीक. दत्तक मुलाबद्दल लिहिलंय ते सगळं त्याच्या 'वागण्याबद्दल'.

मी दत्तक आहे, आता चांगला घोडा झालोय. लहानपणी माझी 'मदत' म्हणजे दर थोड्या दिवसांनी एका बाईंसमोर बसून चित्र काढणं. गणितात नापास झालो तरी कारण दत्तक, भांडलो तरी दत्तक. वर्गातली इतर पोरं नापास झाली की ती नुसती नापास व्हायची. म्हणून आपोआप येणाऱ्या मदतीचं नाव काढलं की माझ्या अंगावर काटा येतो. या बाबतीत जुना वाचक यांच्याशी सहमत.

पण त्यांच्या 'पूर्णपणे त्या घराचं' या वाक्याशी नाही. मला मदत हवी होती ती फार नंतर, माझं स्वतःचं मूल व्हायची वेळ आली आणि डॉक्टरांनी घराण्यात कुठले आजार आहेत विचारलं तेव्हा. माझ्या फाईलमध्ये काय आहे, ती शिल्लक तरी आहे का, कुणाला विचारायचं, भेट झालीच तर सोबत कोण असेल? एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलच्या १९९३च्या हेग करारात मुलाच्या मूळची माहिती जपून ठेवण्याचं कलम आहे, दत्तकानंतरच्या सेवा वाढवा असंही आहे. मग त्या सेवा अठराव्या वर्षी संपतात असं धरून सगळे का चालतात? आई-बाबांना दुखवायचं नसतं म्हणून आम्ही हे घरी विचारत नाही. त्यांना समजावणारं कुणी असतं तर ती खरी कुटुंबाची मदत झाली असती.

अबोली

मीच तो, +१. अजून एक पक्ष या धाग्यात गैरहजर आहे, जन्मदाती आई.

दत्तक आणि फॉस्टर घरांना द्यायचं ते सगळं आधी तिला का नाही? भत्ता, विसावा, रात्रीचा फोन, समुपदेशन. हेच तिला मिळालं असतं तर कितीतरी मुलं हललीच नसती. केवळ गरिबीपायी मूल घरापासून तोडू नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेलं आहे. परक्या घरात मूल ठेवायला पैसे निघतात आणि आईकडे ठेवायला निघत नाहीत, हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि आजी, मावशी, काका? रक्ताची माणसं कुठलीही यादी, शिबिर न बघता मूल उचलून घेतात. म्हणून त्यांना यंत्रणा विचारतही नाही. 'तुमचंच तर आहे.' सत्तरीतली आजी तीन नातवंडं सांभाळते, ती कुठल्या रकान्यात?

सायली३

अबोली, आजीचा मुद्दा मान्य, 'प्रत्येक घर' यात तीही आहेच. जन्मदात्या आईबद्दलही वाद नाही, पण तिची मदत आणि यांची मदत एकाच ताटातली असं मांडलं की सरकारला दोन्ही टाळायला कारण मिळतं.

मीच तो, तुम्हाला जे मिळालं ती मदत नव्हे, तो शिक्का होता. आपोआप म्हणजे मुलाला नेऊन बसवणं असं मी म्हणतच नाही. आपोआप म्हणजे घराला एक ठरलेलं माणूस, ज्याचा नंबर पहिल्या दिवसापासून भिंतीवर असतो आणि जे वर्षातून एकदा स्वतः फोन करतं. तुम्ही पस्तिशीचे झालात तरी. बोलायचं नसेल तर 'बरं आहे' म्हणून फोन ठेवा.

जुना वाचक, 'ज्याला गरज आहे त्याला भरपूर' याचा प्रयोग इंग्लंडात झालाय. २००२च्या कायद्याने कुटुंबाला आपली गरज तपासून घ्यायचा हक्क दिला, पण गरज निघाली तर सेवा द्यायचं बंधन घातलं नाही. पुढे २०१५मध्ये थेरपीसाठी वेगळा निधी आला, खूप कुटुंबांना त्याने तारलं. २०२५मध्ये एका मुलामागची मर्यादा ५००० पौंडांवरून ३००० वर आली. निवडक लोकांना अर्ज करून मिळणारी गोष्ट अशी छाटायला सोपी असते, कारण ओरडणारे थोडे असतात आणि तेही दमलेले.

जुना वाचक

यातून मी उलटा अर्थ काढतो. पैसा मुळातच तुटपुंजा, तो सगळ्या घरांना वार्षिक फोन करण्यात घालवलात तर थेरपी लागणाऱ्या मुलाला काय उरलं?

पण भिंतीवरचा नंबर मला चालेल. अट एकच: त्या फोनची नोंद कुठेही जाता कामा नये. ना संस्थेकडे, ना फाईलमध्ये.

काटेसावर

ती अट मी मान्य करू शकत नाही. फोनवर एखादा बाप म्हणाला, 'काल हात उचलला गेला, आणि पुन्हा उचलेन अशी भीती वाटते', तर ऐकणाऱ्याने काय करायचं? नोंद नाही म्हणजे उद्या त्या मुलाकडे कुणी बघायला जाणार नाही. वेगळी माणसं हवीत म्हणणारी मीच आहे, पण वेगळी म्हणजे बहिरी नव्हे. मूल धोक्यात असेल तर कळवलं जाईल, बाकी सगळं आपल्यातच राहील, हे पहिल्याच फोनला स्पष्ट सांगायचं.

उंबरठा

आणि हे पहिल्या फोनला ऐकल्यावर दुसरा फोन कोण करेल, ताई?

काटेसावर

तो बाप करतो. असे फोन मी घेतलेत. ज्याला भीती वाटते त्याला थांबवणारं कुणीतरी हवंच असतं. न करणारे जास्त आहेत, हेही खरं. म्हणूनच तर तिकडून वर्षातून एकदा फोन यावा म्हणतोय.