सामू 8.9, क्षारता ‘सामान्य’: जिप्सम किती टाकावं?

कृष्णाकाठ_शेती
पलूस भागातलं भारी काळं रान, उसाचा निडवा (दुसरा खोडवा) मोडून मोकळं केलंय. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (pH) 8.9, क्षारता 0.6 डेसिसायमन/मीटर, शेरा ‘सामान्य’. तरी पाणी दिलं की दोन दिवस वरच तुंबतं आणि वाळल्यावर ढेकळं फुटत नाहीत. दुकानात एकरी पाच पोती जिप्सम सांगितलं. भागेल का? की गंधक बरं?

माती_परीक्षक
लक्षणं चोपण जमिनीची आहेत. क्षारता कमी आणि सामू 8.5 च्या वर, म्हणजे विरघळलेले क्षार फार नाहीत, पण मातीच्या कणांना धरलेला सोडियम वाढलाय. त्याने कण विस्कटतात, पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही. हा सोडियम किती, ते विनिमय सोडियमच्या टक्केवारीवरून (ईएसपी) कळतं आणि पत्रिकेच्या 12 घटकांत ती नसते. वेगळी मागा. 15 च्या वर गेली की चोपण म्हणतात. काळ्या रानात त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो.

सोबत कॅटायन विनिमय क्षमता (मातीचे कण कॅल्शियम, सोडियम वगैरे एकूण किती धरू शकतात ते) आणि मुक्त चुनाही तपासून घ्या. नमुना थरवार काढा: 0-15, 15-30, 30-60 आणि 60-90 सेंमी. तुंबणारा पट्टा आणि चांगला पट्टा एकत्र करू नका, नाहीतर सरासरी येते आणि दोन्हीकडे डोस चुकतो. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती वाळवू नका.

आणखी एक: पुस्तकातली क्षारतेची 4 ही मर्यादा संपृक्त (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) मातीच्या अर्काची असते. आपल्याकडचे बरेच रिपोर्ट 1:2.5 माती-पाणी द्रावणाचे असतात, तिथे आकडा बराच कमी दिसतो. रिपोर्टवर पद्धत बघितल्याशिवाय ताडून पाहू नका.

कृष्णाकाठ_शेती
रिपोर्ट आला. वरच्या थरात ईएसपी 18, विनिमय क्षमता 50, मुक्त चुना 9 टक्के.

निचरा_आधी
मग हिशेब करू. 18 वरून 10 वर आणायचं तर 50 च्या 8 टक्के, म्हणजे दर 100 ग्रॅम मातीमागे 4 मिलिइक्विव्हॅलंट (विनिमय क्षमता मोजायचं एकक) सोडियम हटवायचा. वरच्या 15 सेंमी थरासाठी दर मिलिइक्विव्हॅलंटला एकरी साधारण 0.78 टन शुद्ध जिप्सम लागतं, म्हणजे 3.1 टन. माल 75 टक्के शुद्ध असेल तर 4.1 टन. पाच पोती म्हणजे 250 किलो. त्याने काहीच होणार नाही. सगळं एकदम नको, यंदा निम्मं टाका आणि पीक निघाल्यावर पुन्हा ईएसपी बघा.

पण निचऱ्याची सोय झाल्याशिवाय एक पोतंही आणू नका. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतो, पण तो सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जायला हवा. पाणीपातळी मीटरभरातच असेल तर तो उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. छिद्रांची 80 मिमी पीव्हीसी पाइप फिल्टर गुंडाळून 1 ते 1.25 मीटर खोल, नाल्याकडे एकसारखा उतार. बहुतेक वेळा चूक होते ती तोंडाशी: नाला पाइपपेक्षा वर असतो. म्हणून लेव्हल आधी घ्या, शेजाऱ्यांनाही सोबत घ्या.

जिप्सम बारीक दळलेलं हवं. कुळवाने वरच्या 10-15 सेंमीत मिसळा, नांगराने खोल गाडू नका. मग वाफे बांधून पाणी साठवा आणि मुरू द्या.

गंधकाबद्दल: त्याचं आम्ल होऊन चुन्यातला कॅल्शियम मोकळा होतो, रानात चुना आहे म्हणून चालेल, 1 किलो साधारण 5.4 किलो जिप्समइतकं काम करतं. पण गंधकाचं आम्ल जिवाणूंकडून होतं, त्यांना हवा लागते, वेळही लागतो. तुंबलेल्या रानात ते नुसतं पडून राहील.

हिरवळ
पाणी मुरायला लागलं की एकरी 20 किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, 45 दिवसांत फुलोऱ्याआधी गाडा. तागापेक्षा चोपणात हाच तग धरतो. युरियातला नत्र एवढ्या सामूवर अमोनिया होऊन उडतो, म्हणून अमोनियम सल्फेट घ्या आणि डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट.

विहिरीचं पाणीही तपासा. उर्वरित सोडियम कार्बोनेट (पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचा कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर दर पाळीला नवा सोडियम येतोय. ते पाणी तोवर दुसऱ्या पाण्यात मिसळूनच द्या.