मदत हवी आहे : शरीराविषयीच्या क्वीअर शिबिरासाठी जागा आणि समुपदेशक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात नागपूरजवळ रामटेक-खिंडसीकडे क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) मित्रमंडळींसाठी दोन दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं आहे. जाडी, रंग, दाढी, छाती यांवरून ऐकलेल्या टोमण्यांबद्दल मोकळं बोलायला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल २०१८ मध्ये आपल्या बाजूने लागला, पण टोमणे थांबले नाहीत.

आधार कार्डावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळला नाही तरी काउंटरवर चारचौघांत चौकशी होणार नाही, अशी जागा कुणाला माहीत आहे का? बिनहाताच्या रुंद खुर्च्या आणि आतून नीट कडी लागणाऱ्या स्वतंत्र बाथरूम हव्यातच. ट्रान्स मुलगे (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले) छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर, म्हणजे घट्ट बनियनसारखा कपडा, घालून येतात, तो काढून श्वास घ्यायला आडोसा लागतो. (म्हणूनच नागपूरचा उन्हाळा टाळलाय.)

शिवाय मराठीत बोलणारे, वजन कमी करा असं न सांगणारे समुपदेशक सुचवा. मानधन देऊ. कृपया इनबॉक्समध्ये कळवा.