मदत हवी आहे: मशीन शॉपसाठी केलेल्या सॉफ्टवेअरचं पेटंट मिळेल का?

चहावेडी:
मंडळी, पेटंटमधलं कळणारं कुणी आहे का इथे? आठवड्याभरात ठरवायचंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझ्या मामांचं भोसरी एमआयडीसीत मशीन शॉप आहे. सात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन म्हातारे लेथ, गाड्यांच्या पार्ट्सचं जॉबवर्क. मी हिंजवडीत आयटीत. मामांचा हिशेब तीन जागी असायचा: बिलं टॅलीत, रोजचं प्रॉडक्शन सुपरवायझरच्या वहीत आणि रिजेक्शन, म्हणजे बाद झालेले नग, मामांच्या डोक्यात. "आमचे चारशे नग कुठवर आले?" असा फोन आला की कुणीतरी शॉपवर पळायचं, तोवर मामा फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारायचे.

दीड वर्ष शनिवार-रविवार बसून मी यावर सॉफ्टवेअर केलं. प्रत्येक मशीनपाशी स्वस्तातला टॅब, ऑपरेटर त्यात नग आणि रिजेक्शन टाकतो. ऑफिसातल्या टीव्हीवर दर जॉबची एक आडवी पट्टी. आलेलं मटेरियल, झालेलं काम आणि चलनावर गेलेला माल यांचा मेळ बसला नाही की पट्टी नेमकी तिथे तुटलेली दिसते. मामा चष्मा न लावता सांगतात कुठे घोळ आहे.

खरा घाम मात्र दुसरीकडे निघाला. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय टिकत नाही. टॅब तासन्‌तास ऑफलाइन, मग दोन शिफ्टच्या नोंदी उलटसुलट येऊन आदळायच्या. त्यात एका टॅबचं घड्याळ वीस मिनिटं मागे. कालचं रिजेक्शन आजच्या मालातून वजा व्हायचं. हे मी एका पद्धतीने सोडवलंय आणि गेले चार महिने आकडे बरोबर येतायत.

आता मामांच्या ओळखीतले एक सल्लागार म्हणतात, पेटंट करून टाका, अमेरिकेचंही करून देतो. ऐंशी हजार मागतायत. आणि येत्या गुरुवारी वीसेक कारखानदारांसमोर डेमो ठरलाय. पेटंट मिळतं का? आधी अर्ज की आधी डेमो? पैसे द्यावेत का?

पेठ३०:
आडव्या पट्ट्यांना गँट चार्ट म्हणतात. शंभर वर्षं होऊन गेली. पत्र्याची शेड तेवढी नवीन दिसते.

लेथवाला:
पेठ३०, तुम्हाला चांगलं म्हणता येतच नाही का हो? ताई, माझंही शॉप आहे, चाकणला. पेटंट नंतर बघू, पाच मशीनला किती घ्याल ते सांगा. आमच्याकडेही रिजेक्शन डोक्यातच आहे.

कलमबहाद्दर:
मी वकील नाही, पण पेटंट एजंटच्या ऑफिसात सहा वर्षं ड्राफ्टिंग केलंय. त्या बळावर लिहितो.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ काढा. त्यात काय काय 'शोध' धरलं जात नाही याची यादी आहे. त्यातल्या पोटकलम 'के' मध्ये गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'पर से', म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून. जरा खाली 'एन' मध्ये माहितीची मांडणी. म्हणजे तुमची पट्टी 'एन' मध्ये गेली, हिशेब जुळवायची रीत 'के' मध्ये. टीव्हीवर जे दिसतं आणि मामांना जे आवडतं, त्यावर पेटंटची आशा सोडा.

राहिलं 'पर से'. या दोन शब्दांवर आमच्या ऑफिसची चूल पेटायची. नुसता प्रोग्रॅम चालत नाही, पण त्यातून तांत्रिक परिणाम साधत असेल तर निव्वळ प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात हाच मुद्दा उचलून धरला. त्यामुळे तुमच्याकडे मांडण्यासारखं काही असेल तर ते टॅब आणि सर्व्हरच्या मधे आहे. नेटवर्क तुटलं, घड्याळं चुकली तरी नोंदी बरोबर लागतात, हा भाग. अर्जात 'व्यवस्थापन', 'डॅशबोर्ड', 'मालकाला निर्णय घेता येतो' असली वाक्यं जितकी जास्त, तितका परीक्षक तुम्हाला 'के' कडे ढकलणार.

पेठ३०:
आता गंभीरपणे. घड्याळं जुळत नसलेल्या मशीनवरच्या घटनांचा क्रम कसा लावायचा, हे लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ मध्येच लिहून ठेवलंय. त्याच्या पुढे तुम्ही जे केलं असेल तेवढंच तुमचं. गूगल पेटंट्सवर दोन रात्री घालवा. आणि ते 'पुढचं' इथे लिहू नका.

चहावेडी:
लॅम्पोर्ट कॉलेजात शिकले होते, पण जोडणी लक्षातच आली नाही. आता पोटात गोळा आलाय. डेमो रद्द करू का?

कलमबहाद्दर:
रद्द कशाला? पट्ट्या खुशाल दाखवा, आतली पद्धत सांगू नका. सांगायचीच असेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज टाका. एकदा चारचौघांत उघड झालं की नावीन्य गेलं. आपल्याकडे त्याला सवलती आहेत, पण फार तुटपुंज्या. प्रोव्हिजनल टाकल्यावर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या ऑफिसकडे, अँटॉप हिलला, पण खेटे घालायला नकोत, ऑनलाइन होतं. व्यक्तीला सरकारी फी १,६०० रुपये. परीक्षणाची विनंती वेगळी, ४,००० रुपये, तीही लगेच नाही. ऐंशी हजारांतलं बाकीचं सल्लागारांच्या घामाचं. चांगला ड्राफ्ट फुकट होत नाही हे मान्य, पण त्यांनी आजवर लिहिलेला एखादा मंजूर अर्ज दाखवायला सांगा.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर तिथेही असल्या गोष्टी सोप्या राहिलेल्या नाहीत. शिवाय इथे राहणाऱ्याने थेट बाहेर अर्ज करायचा नसतो. आधी परवानगी घ्या, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा. कलम ३९. सल्लागार हे बोलले का?

कोडवर कॉपीराइट आपोआप असतो. नोंदणी हवीच असेल तर ५०० रुपये, सोबत कोडची पहिली आणि शेवटची दहा-दहा पानं. पण ते कोडला, कल्पनेला नाही. तेच काम कुणी स्वतःच्या कोडने केलं तर हात चोळत बसायचं.

आणि एक विचारायचं राहिलं. हिंजवडीतलं नेमणूकपत्र वाचलंय का कधी?

चहावेडी:
सही केली तेव्हा फक्त पगाराचं पान वाचलं होतं. आत्ता काढलं. नववं कलम: नोकरीच्या काळात, ऑफिसच्या वेळेत किंवा वेळेबाहेर, कंपनीच्या व्यवसायाशी संबंधित जे काही बनवाल त्याचे हक्क कंपनीचे. आमच्या टीमचं काम काय, तर वेअरहाउसचे डॅशबोर्ड. आणि सुरुवातीचे दोन महिने माझा लॅपटॉप बिघडला होता तेव्हा कंपनीचाच वापरला होता.

लेथवाला:
अरे देवा.

कलमबहाद्दर:
घाबरू नका, पण अर्ज थांबवा. अर्जात खरा आणि पहिला शोधक कोण आणि हक्क कुणाचे हे जाहीर करावं लागतं. तिथे खोटं नको. असलं कलम कितपत लागू होतं हे त्याच्या शब्दांवर आणि तुमच्या कामावर ठरेल, ते वकिलाला वाचू द्या. लॅपटॉपचे ते दोन महिने वकिलापासून लपवू नका. मग कंपनीकडून लेखी घ्या की यावर आमचा दावा नाही. बऱ्याच कंपन्या देतात, आधी विचारलं तर. मामांकडून पैसे घेत असाल तर तेही सांगून टाका. आणि लेथवाल्यांना पाच मशीनचा भाव सध्या नको.

चहावेडी:
पैसे नाहीत, रविवारी मामीच्या हातचं जेवण. मामांना आत्ता फोन केला. डेमो पुढे ढकललाय, सल्लागारांना 'कळवतो' सांगितलंय. उद्या एचआरला मेल करते. मसुदा लिहून इथे टाकते, जरा नजर टाकाल का सगळे?

पेठ३०:
बाई, इथे नका टाकू. वकिलाला दाखवा.