इलॅस्टिक म्हणजे लवचीक की स्थितिस्थापक?

प्रश्न: काचतंतू घातलेल्या नायलॉनवर लेख लिहितोय, ज्याचे गिअर नि बुश बनतात आणि घर्षण कमी व्हावं म्हणून टेफलॉनची पूड घालतात ते. इलॅस्टिक मॉड्युलसला 'लवचिकता गुणांक' चालेल का? आणि त्या पुडीला, म्हणजे ॲडिटिव्हला काय म्हणू?

उत्तर: लवचिकता नको, प्लीज. जे सहज लवतं ते लवचीक. हॅक्सॉचं पातं आणि सोल्डरची तार वाकवून बघा, लवतात दोन्ही पण सोडल्यावर पातं सरळ होतं नि तार तशीच वाकडी राहते, तर हे जे परत मूळ आकारात येणं आहे त्याला स्थितिस्थापकता म्हणतात, शाळेच्या पुस्तकातलाच शब्द आहे आणि अगदी नेमका आहे. शिवाय गुणांक जितका मोठा तितकी वस्तू कमी लवते. काचतंतूचा साधारण ७२ गिगापास्कल (हे गुणांकाचं एकक), कोरड्या नायलॉनचा ३ च्या आसपास, टेफलॉनचा जेमतेम अर्धा गिगापास्कल. 'काचेची लवचिकता ७२' वाचून वाचक बरोब्बर उलटं समजेल.

उत्तर: +१. बोलताना आम्ही सरळ ताठपणा म्हणतो. टेफलॉन घातलं की ताठपणा उतरतो, कारण ती पूड भार जवळपास उचलतच नाही, पण थोड्या भाराखाली तुकडा तरीही मूळ आकारात येतोच. दोन गोष्टींना दोन शब्द हवेतच. ॲडिटिव्हला 'कोरडं वंगण' म्हणा, तेल-ग्रीसपेक्षा वेगळं आहे हे लगेच कळतं, ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडलाही तेच लागू पडतं.

उत्तर: अजून एक, नुसतं 'टक्के' लिहू नका हो! कंपाउंडवाले, म्हणजे काच-नायलॉनचं तयार मिश्रण विकणारे, वजनाचे टक्के सांगतात आणि ताठपणाचा अंदाज काढायच्या गणिती मॉडेलला लागतात आकारमानाचे. काच जड, म्हणून वजनाने ३० टक्के काच नायलॉनमध्ये आकारमानाने १६ च भरते. मिश्रणाच्या साध्या नियमात (प्रत्येक घटकाचा गुणांक गुणिले त्याचा आकारमानातला वाटा, मग बेरीज) १६ घातले तर ताठपणा साधारण १४ गिगापास्कल येतो, चुकून ३० घातले तर २३ च्या वर जातो, आणि मोल्ड केलेल्या तुकड्यात प्रत्यक्षात मिळतो १० च्या आसपास, कारण तंतू तोकडे असतात नि सगळे एका दिशेला नसतात, म्हणून तर हाल्पिन-त्साय नावाचं मॉडेल वापरतात, त्यात तंतूची लांबी-जाडी धरता येते. मॉडेलला मात्र मॉडेलच म्हणा, 'प्रतिमान' शॉपफ्लोअरवर कोणालाच कळणार नाही.