मदत हवी आहे: वर्डच्या मॅक्रोत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं (तातडीचं)

छापखाना_सांगली
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या अहवालाचं काम अंगावर आहे. आमच्याकडे वर्डमध्ये एक मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम होता. आकडा सिलेक्ट करून बटण दाबलं की पुढे 'अक्षरी रुपये अमुक अमुक' आपोआप यायचं. ज्या पोराने लिहून दिला तो पुण्याला गेला, फोन उचलत नाही. परवा त्यात थोडी दुरुस्ती केली आणि तेव्हापासून 'रुपये ????? ????' एवढंच येतंय. फॉन्ट बदलून बघितला, मशीन बंद-चालू केलं. शनिवारी छपाईच्या प्लेटा काढायच्या आहेत. लगेच सांगा.

कृष्णाकाठ
वर्ड कुठलं? विंडोज कुठली? फॉन्ट कुठला? आणि 'थोडी दुरुस्ती' म्हणजे नेमकं काय केलंत?

जुना_टायपिस्ट
आमच्या वेळी वर्डस्टार होतं. कंट्रोल के एस दाबलं की सेव्ह. मॅक्रो नाही, माउस नाही, आणि काम अडलं असं कधी झालं नाही. अक्षरी रक्कम हाताने लिहायचो, चूक व्हायची नाही.

मुक्तस्रोत_मिरज
वर्ड सोडा. लिबर ऑफिस टाका, पायथन भाषेत मॅक्रो लिहा. पायथनची फाइल यूटीएफ-८ असते, 'पंचेचाळीस' लिहिलं की 'पंचेचाळीस'च राहतं. फुकट आहे.

छापखाना_सांगली
वर्ड म्हणजे वर्ड, त्यात काय सांगायचं? २००३ आहे. एक्सपी. प्लेटच्या मशीनचा ड्रायव्हर एक्सपीवरच चालतो, त्यामुळे विंडोज बदला, ऑफिस बदला हे कृपया सांगू नका.

सावध_सातारकर
एक्सपी आणि ऑफिस २००३, दोघांचाही सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्यात मॅक्रो चालू ठेवलेत म्हणजे सिक्युरिटी 'लो' केली असणार. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. आधी नेट काढा.

छापखाना_सांगली
नेट नाहीच हो त्या मशीनला. पेनड्राइव्हवर चालतं सगळं. २०१९ च्या पुरात जुनं मशीन गेलं, हे दुसऱ्या प्रेसकडून घेतलंय. मुद्द्याचं कोणी बोलेल का?

कृष्णाकाठ
मुद्द्याचंच विचारलं होतं, दादा. दुरुस्ती काय केलीत?

छापखाना_सांगली
सांगतो. पूर्वी आम्ही श्रीलिपीत काम करायचो, ते जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट. या वर्षी संस्थेने सगळा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक) पाठवला, मंगल फॉन्ट. मॅक्रोची रक्कम त्यात इंग्रजी कचऱ्यासारखी दिसायला लागली. म्हणून ऑल्ट एफ ११ दाबून मॅक्रोच्या एडिटरमध्ये गेलो, तर तिथेही तसलाच कचरा: इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस. तो पुसून त्या जागी सरळ मराठी शब्द पेस्ट केले, एक ते नव्व्याण्णव. पेस्ट केल्यावर तिथेच प्रश्नचिन्हं दिसत होती, पण म्हटलं दिसायला तशी असतील, आत बरोबर असेल.

कृष्णाकाठ
आत बरोबर नाही. पेस्ट केलंत त्याच क्षणी शब्द गेले, उरली ती खरीच प्रश्नचिन्हं. व्हीबीएचा, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेचा, एडिटर जुन्या पद्धतीचा आहे, त्याला विंडोजच्या कोड पेजमधलीच (अक्षरांच्या जुन्या तक्त्यातलीच) अक्षरं ठेवता येतात आणि देवनागरीला तसं कोड पेजच नाही. तुम्ही पुसला तो कचरा नव्हता, ते श्रीलिपीचे शब्द होते. जुनी प्रत आहे ना?

छापखाना_सांगली
पेनड्राइव्हवर असेल. बघतो.

कोडवाला_कुपवाड
एडिटर मुका असला तरी व्हीबीए स्वतः आतून युनिकोडच वापरतं. म्हणून सीएचआर-डब्ल्यू वापरायचं, ते क्रमांकावरून अक्षर देतं. 'पाच' म्हणजे २३४६, २३६६, २३३०. तीन कोड जोडा, झाला शब्द. मी असंच करतो, चोख चालतं.

कृष्णाकाठ
'पाच'ला तीन, 'पंचेचाळीस'ला नऊ. असे नव्व्याण्णव शब्द हाताने जोडायचे? शनिवार उजाडेल आणि वेलांटी कुठे चुकली ते कळणार नाही.

मुक्तस्रोत_मिरज
म्हणूनच म्हणतो, पायथन.

कोडवाला_कुपवाड
एक्सपीवर तुमचं लिबर ऑफिस ५.४ च्या पुढे जात नाही. ६.० ला विंडोज ७ लागतं.

मुक्तस्रोत_मिरज
५.४ पुरे आहे या कामाला. त्यातही पायथन आहे.

कृष्णाकाठ
त्यांना शनिवारी अहवाल छापायचाय, पायथन शिकायचं नाही. छापखानावाले, असं करा. वर्डमध्येच एक वेगळी फाइल करा, त्यात एका रकान्याचं टेबल, ओळ १ मध्ये 'एक', ओळ ९९ मध्ये 'नव्व्याण्णव'. वर्डच्या डॉक्युमेंटमध्ये युनिकोड नीटच राहतं, भानगड फक्त एडिटरची आहे. मॅक्रोने सुरुवातीला ती फाइल उघडून सगळे शब्द ॲरेत (यादीत) भरून घ्यायचे. 'शंभर', 'शे', 'हजार', 'लाख', 'कोटी' हे खाली वेगळ्या टेबलात. फाइलचं नाव मात्र इंग्रजीत ठेवा, नाहीतर मॅक्रोत नाव लिहिताना पुन्हा तीच प्रश्नचिन्हं.

शुद्धलेखन_प्रेमी
'नव्व्याण्णव'मधला ण दुहेरी लिहावा, हे अनेकांना माहीत नसतं.

जुना_टायपिस्ट
बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा आपण सगळे किती हसलो. आता बघा, मॅक्रोला तेच सोपं पडलं असतं. सत्तावीस शब्दांत काम झालं असतं.

कोडवाला_कुपवाड
काका, हे मात्र खरं बोललात.

छापखाना_सांगली
टेबल केलं. मराठी आली! पण प्रत्येक शब्दानंतर ओळ तुटते आणि एक फालतू चिन्ह येतं.

कृष्णाकाठ
टेबलच्या प्रत्येक घराच्या शेवटी वर्ड दोन लपलेली चिन्हं ठेवतो, १३ आणि ७. मजकुरासोबत तीही येतात. शब्द ॲरेत भरताना शेवटची दोन अक्षरं कापा: लेफ्ट फंक्शन, आणि लांबीतून दोन वजा.

छापखाना_सांगली
झालं. पण १०० ला 'एकशे रुपये' येतंय.

कोडवाला_कुपवाड
पुढे काही नसेल तर 'शंभर', असेल तर 'एकशे पाच'. एक 'इफ', म्हणजे अट लावा. आणि छापायच्या आधी दहा आकडे हाताने तपासा, लेखापरीक्षकाच्या प्रतीशी लावून.

छापखाना_सांगली
बरं झालं सांगितलंत. आत्ता तपासलं. ठेवी १२,४५,३००, आणि मॅक्रो म्हणतोय 'अकरा लाख चव्वेचाळीस हजार दोनशे'. घाम फुटला. प्रत्येक ठिकाणी एक कमी.

कृष्णाकाठ
टेबलला वर मथळा दिलाय का?

छापखाना_सांगली
हो, आत्ताच दिला. 'संख्या अक्षरी' असं ठळक टाइपात. छान दिसावं म्हणून.

कृष्णाकाठ
तीच पहिली ओळ धरली जातेय. काढा.

छापखाना_सांगली
काढली. बारा लाख पंचेचाळीस हजार तीनशे. सगळे आकडे जुळले. हे तसंच छापलं असतं तर वार्षिक सभेत सभासदांनी मलाच स्टेजवर बोलावलं असतं. आभारी आहे, दादा. सांगलीत आलात तर भडंग माझ्याकडून.

मुक्तस्रोत_मिरज
पुढच्या वर्षी तरी लिबर ऑफिस बघा.

छापखाना_सांगली
पुढच्या वर्षी बघू. आत्ता प्लेटा लावतोय.